हुंकाराचा होकार

स्पेनचा इतिहास धानोऱ्याच्या जंगलात मी नेला. बल्लारपूरच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेसाठी तो घोकला होता. परीक्षा सुटली, चळवळ धरली, घोकलेलं मात्र डोक्यातच राहिलं. मग एका गोंड गावाचा डोंगर खाणीसाठी मागण्यात आला. ग्रामसभेनं हो म्हटलं की डोंगर गेला. मला वाटलं, या लोकांना स्पेन सांगायलाच हवा. आठ पानांचं पत्रक लिहिलं आणि दर फेरीला दुपारी मोहाच्या सावलीत वाचायला बसू लागलो.

रोमन आले आणि त्यांनी स्पेनचे डोंगर चांदी-सोन्यासाठी पोखरले. तिथल्या भाषा बुडाल्या. उत्तरेच्या डोंगराळ कोपऱ्यातली एक तेवढी तगली. मग गॉथ टोळ्या आल्या. मग समुद्रापलीकडून अरब आले, शतकानुशतकं राहिले, त्यांनी कालवे काढले, बागा लावल्या. त्यांचं शेवटचं राज्य जिंकून ख्रिस्ती राजाराणीनं ज्यूंना हाकललं, पुढच्या राजांनी मुसलमानांच्या वंशजांना. आणि ज्यांचे डोंगर एकदा पोखरले गेले होते, त्यांचीच जहाजं दुसऱ्यांचे डोंगर पोखरायला निघाली.

इथं मी आवाज चढवायचो. शिपाई परक्या किनाऱ्यावर उतरायचे आणि फर्मान वाचायचे. स्पॅनिशमध्ये! कधी रिकाम्या झोपड्यांसमोर, कधी नुसत्या झाडांसमोर. आमच्या राजाला माना, नाहीतर बायकापोरांसकट गुलाम करू, आणि त्याचा दोष तुमचाच. कारकून लिहून घ्यायचा की वाचून दाखवलं. झालं, कत्तल कायदेशीर!

पुढे साम्राज्य गेलं, यादवी पेटली, हुकूमशहा आला. त्यानं त्या कोपऱ्यातल्या भाषेचाही गळा दाबला. तो मेला, लोकशाही आली, ती भाषा शाळेत परतली. आज तिथले लोक पर्यटकांना वैतागून मोर्चे काढतात.

समोर बसलेला गावातला सगळ्यात वडील माणूस माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवत "हूं" म्हणायचा. मी खूश. चळवळीत इतका चांगला श्रोता मला कधी मिळाला नव्हता.

ग्रामसभेच्या दिवशी मी कुरखेड्याला होतो. तिथंही स्पेनच सांगत होतो. परतलो तेव्हा कळलं, खाणीचा प्रस्ताव घेऊन तालुक्याचे साहेब येऊन गेले. ठरावाची प्रत हाती आली. 'सदर वनक्षेत्राच्या खाणीसाठी वळतीकरणाचा प्रस्ताव वाचून दाखविण्यात आला. ज्येष्ठ ग्रामस्थांनी वेळोवेळी होकार दिला.'

वेळोवेळी!

मी तडक म्हाताऱ्याच्या अंगणात गेलो. तो बांबूच्या कामट्या काढत होता.

"भाऊ, साहेबाले हो काऊन म्हटलं?"

"हो कुठी म्हटलं? हूं म्हटलं."

"तेच ते!"

"तेच कसं? कोणी सांगून राह्यला तं समोरच्यानं हूं म्हणा लागते. नाई तं सांगणाऱ्याचा अपमान होते. गोष्टीले हुंकार देत नाई का तुमच्याकडे?"

"अन् समजलं का होतं?"

"साहेबाचं? एक बी अक्षर नाई."

"मंग माही स्पेनची गोष्ट तरी?"

त्यानं कामटी खाली ठेवली. "बाबू, तुही मराठी साहेबापेक्षा कठीण हाये. पण तू लय दुरून येत होता."

मला तेव्हाच उठून जायला हवं होतं. फर्मान मीही वाचलं होतं, परक्या भाषेत, झाडांसमोर. पत्रकाच्या शेवटी मीच छापलं होतं, 'गावोगावी वाचून दाखवले.'

मग तो गोंडीत बोलू लागला. डोंगराकडे बोट करून, बराच वेळ. दोन वर्षं त्या गावात जाऊनही गोंडीची चार वाक्यं मी शिकलो नव्हतो. पत्रकं लिहायची असायची ना! चुकीची भरपाई म्हणून मी प्रत्येक विरामाला "हूं" म्हणत राहिलो.

तो थांबला. म्हणाला, "पक्कं ना?"

"काय पक्कं?"

"म्हटलं, ठराव मोडाले पुढची सभा आम्ही बोलावतो. तिथी तू तोंड उघडाचं नाई. तू हूं म्हटलं."

ती सभा झाली. म्हाताऱ्यानं गोंडीत डोंगर सांगितला. कोणत्या झऱ्यावर कोणाचा देव, कुठला मोह कोणत्या घराचा. एवढं मला नंतर शेजारच्या बाईनं सांगितलं. बायका उठून उठून बोलल्या. साहेब मोबाइल बघत होते. सगळं संपल्यावर ठराव लिहिणाऱ्या कारकुनानं विचारलं, "मराठीत काय लिहू?" माझ्या तोंडाशी शब्द आले. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी ते गिळले. कारकुनानं लिहिलं, 'स्थानिक भाषेत चर्चा झाली.'

पहिला ठराव अजून फाइलीत शाबूत आहे. डोंगरावर खाणीच्या मोजणीसाठी चुन्याच्या खुणा पडल्यात. मी गोंडी शिकतोय. शिकवतो तो म्हाताराच, आणि मी हूं म्हटलं की आधी विचारतो, "समजलं का?"