तळ्याचा गाळ

काल तळ्यावर पोचले, तर पोकलेन तळ उपसत होतं. तीन वर्षं मी याच गाळातले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतेय. हजारो वर्षांपूर्वी पृथ्वी तापली होती, तेव्हा इथे पाऊस किती पडला, कोणती झाडं तगली, हे त्यातून कळतं. येणाऱ्या उन्हाळ्यांचे अंदाज त्यावरच बांधायचे. सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या थरांचे नमुने तेवढे घ्यायचे राहिले होते.

"थांबवा हो!" मी ओरडले.

"ताई, गाळच आहे ना तो?" सरपंचबाई म्हणाल्या. "फेब्रुवारीतच पाणी आटतं. तळं खोल नको करायला?"

त्यांचं खरं होतं, म्हणूनच जास्त चिडचिड झाली. गाळाने भरलेल्या ट्रॉलीतून एक ढेकूळ उचललं. त्यात वरचा थर कुठला, खालचा कुठला, काहीच कळेना.