थंड खोलीतली चिप

शी! त्या इमारतीची आठवण झाली तरी माझ्या तोंडाची चव जाते. पुढे काचेचं दार, कुंड्या, भिंतीवर हसऱ्या माणसांचे फोटो, आणि मागे बेसिनमध्ये न धुतलेल्या कपांचा ढीग. प्रत्येक कपाच्या तळाशी वाळलेली कॉफी. मी एकदाच गेले तिथे. पुन्हा कुणी पायघड्या घातल्या तरी जायची नाही.

माझी धाकटी बहीण तिथे काम करते. घरात तिचं नाव खुडबुडी, कारण रांगायला लागल्यापासून तिने घरातली एक वस्तू धड ठेवली नाही. रेडिओ उघडला, इस्त्री उघडली, माझं शिवणयंत्रही उघडून बसली होती आणि लावताना एक स्क्रू उरला. "ताई, हा उगाच होता," म्हणाली! लोकांच्या लेखी ती मोठी संशोधक. नव्या धाटणीचे कम्प्युटर कसे बांधायचे आणि ते माणसाच्या उपयोगी कसे पडतील, हे शोधणं तिचं काम. माझ्या लेखी ती अजून तीच, उरलेला स्क्रू खिशात घालून फिरणारी.

घरात आम्ही तिघंच. मी लग्न मोडून परत आले आणि कपडे शिवायला लागले, तेव्हापासून बाबा, मी आणि ती. आईला जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा आयुष्यभर पत्रे कापायच्या कारखान्यात होते, आणि त्या धडधडीने त्यांचे कान नेले. एकदम नाही, हळूहळू. आधी दाराची घंटा गेली, मग फोन, मग आम्ही दोघी. आता ते सगळ्यालाच "हो हो" म्हणतात. औषध घेतलं? हो हो. पंखा बंद करू? हो हो. शेजारीण येऊन सांगत होती की तिची सासू गेली, तर हे हसून म्हणाले, "हो हो, छान छान." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांच्या तोंडून "नाही" ऐकून जमाना झाला होता, कारण नाही म्हणायला आधी प्रश्न कळावा लागतो.

कानाची यंत्रं आणली नाहीत असं नाही. पण ती मेली सगळाच गोंगाट मोठा करून द्यायची. भांडी, पंखा, रस्ता, माझं शिवणयंत्र, सगळं एकदम कानात. बाबा निमूटपणे ती काढून खिशात ठेवायचे. ते बघून खुडबुडीने हा विषय हातात घेतला.

"ताई, तुझं कापडाचं कपाट आतल्या खोलीत आणि मशीन इथे," तिने एकदा मला समजावलं होतं. "दर टाक्याला उठून कपाटाकडे गेलीस तर काय होईल?"

"गिऱ्हाईक माझ्या नावाने शंख करेल."

"आताचे कम्प्युटर हेच करतात. माहिती ठेवलेली एकीकडे, आकडेमोड दुसरीकडे. निम्मी बॅटरी नुसत्या हेलपाट्यांत जाते. माझ्या चिपमध्ये माहिती जिथे ठेवली आहे तिथेच आकडेमोड होते. कपाटातच शिवायचं, समज. मग एवढ्याशा बॅटरीवर, कानात बसेल एवढ्या जागेत, गोंगाटातून माणसाचा आवाज वेगळा काढता येतो."

"बाबांसाठी?"

"आधी बाबांसाठी. मग बाकीच्यांसाठी."

मला पटलं. तेव्हापासून तिच्या अर्ध्या जेवणांवर झाकणं ठेवली मी. लग्नाचा विषय काढला की म्हणायची, "आधी चिप." बरं बाई, आधी चिप तर आधी चिप.

तिच्यावर एक साहेब होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, ते या माणसाला बघून म्हणत असतील. हातात कधी साधा पाना धरला नाही, पण बोलताना सतत "आमची चिप", "आमची चिप". रात्रंदिवस झिजायचं हिने आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं यांनी. पाहुणे येणार होते. हे काम पुढे चालू ठेवायचं की गुंडाळायचं, ते त्या पाहुण्यांच्या हातात होतं. म्हणून साहेबांनी फर्मान काढलं की खरा बहिरा माणूस आणा आणि सगळ्यांसमोर त्याला ऐकू येऊ द्या.

"बाबांना नको," खुडबुडी म्हणाली. तोंड पांढरं पडलं होतं.

"का नको? त्यांच्यासाठीच केलंस ना?" मी म्हणाले. ती वळून आत गेली. मला वाटलं, लाजते आहे.

ती खोली म्हणजे नुसता गारठा. मोठमोठ्या मशीन तापू नयेत म्हणून तिथे बारा महिने एसी, आणि माणसं स्वेटर घालून बसलेली. ते स्वेटरही कधी पाणी न पाहिलेले, कोपरांना तेलकट. खुर्चीवरून उचलायचे, अंगात घालायचे, जाताना पुन्हा खुर्चीवर. वर तो कोंदट वास. बाबा कुडकुडत होते, मी माझी शाल त्यांना दिली. समोर टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं पांढरं कापड, वर काचेच्या झाकणाखाली नखाएवढी चिप, आणि तिथून एक वायर बाबांच्या कानात. पाहुणे खुर्च्या भरून बसले होते, कॅमेऱ्याचे दिवे लावले होते. साहेबांनी भाषण ठोकलं. मग स्पीकरवर बाजारातला कलकलाट लावला आणि त्या कलकलाटात खुडबुडी साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, चहा घेणार?"

"नाही गं," बाबा म्हणाले. "मघाशीच झाला."

देवाशप्पथ सांगते, माझ्या अंगावर काटा आला. "नाही" म्हणाले बाबा! त्यांनाही कळलं. आधी इकडे तिकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि म्हातारा माणूस ढसाढसा रडायला लागला. "तुझा आवाज असा आहे होय? मोठी झालीस की गं," म्हणाले. टाळ्या पडल्या. मी रुमाल काढून पुढे झाले, तर साहेबांनी मला हाताने अडवलं.

"पुसू नका, पुसू नका. छान येतंय." आणि बाबांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना कॅमेऱ्याकडे वळवलं. "काका, इकडे बघा जरा."

असली किळस मला गटार तुंबल्यावरही आली नव्हती. माझ्या बापाचे अश्रू, आणि हा म्हणतो छान येतंय!

त्या गडबडीत बाबांची काठी टेबलाखाली घरंगळली. मी वाकले, कापड उचललं. खाली बोटाएवढी जाड वायर टेबलाच्या पायाला बांधून भिंतीतल्या भोकातून पलीकडे नेलेली. पलीकडच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, आत कपाटाएवढी मशीन घोंघावत होती. मी काठी घेतली, बाबांच्या हातात दिली आणि बहिणीला दंडाला धरून बाहेर नेलं.

"ती वायर कसली?"

"ताई, हळू बोल."

"मी हळू बोलणार नाही."

तिने खाली बघून सांगितलं. "चिप टेबलावर होती, पण काम पलीकडची मोठी मशीन करत होती."

"म्हणजे आत्ता जे झालं ते खोटं?"

"चिप चालते गं! पण थंड असली तरच. आम्ही कायम याच खोलीत काम करतो, इथेच तपासतो, सगळं उत्तम यायचं. एकदा मी ती खिशात घालून घरी निघाले, तर बसस्टॉप येईपर्यंत नुसती खरखर. ऊब लागली की तिच्यात साठवलेले आकडे सरकतात. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, पुढचं पुढे बघू. आज इतकी माणसं, वर कॅमेऱ्याचे दिवे, खोली तापली असती. त्यांना धोका नको होता."

"कानात घालायचं यंत्र," मी म्हणाले, "आणि माणसाचं अंग गरम असतं हे इतक्या शहाण्यांत एकाच्याही डोक्यात आलं नाही?"

"थंडीत बसून बसून विसरलो," ती म्हणाली.

आणि हे सगळं माहीत असून ती मूग गिळून गप्प बसली होती. साहेबांचं मला एवढं नवल वाटलं नाही, ती जातच तसली. पण ही? हिच्या हातचं पाणीसुद्धा प्यावंसं वाटेना मला.

पुढे तर तमाशाच झाला. बाबांचा फोटो छापून आला, गुळगुळीत कागदावर. बाबांचा चेहरा रडून वेडावाकडा, आणि शेजारी साहेब दात काढतायत. बाबांनी तो कागद घरी येईल त्याला दाखवायला सुरुवात केली. दूधवाला, शेजारीण, गॅसवाला, कुणाला म्हणून सोडलं नाही. "माझ्या मुलीने केलं. आता येईलच घरी," असं ओरडून सांगायचे. रोज ती आली की दारातच विचारायचे, "आलं का?" ती म्हणायची, "लवकरच, बाबा." बाबा म्हणायचे, "हो हो."

मी तिच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायचं आणि उठायचं. एका रविवारी मात्र राहवेना. दुसऱ्या दिवशी तेच पाहुणे पुन्हा येणार होते, आणि चिप तयार आहे असं हिने उभं राहून सांगायचं ठरलं होतं.

"सांग की," मी म्हणाले. "त्यांना फसव. पण या माणसाला रोज दारात उभं करून फसवतेस ना, त्याची मला शिसारी येते."

ती उठली आणि आतून तिची पिशवी घेऊन आली. त्यात साबणाच्या डबीएवढी एक पट्टी होती, वर ती चिप, आणि एक वायर. खरी. तिने पट्टी बाबांच्या सदऱ्याच्या खिशात घातली, वायर कानात लावली.

"बाबा, ऐकू येतंय?"

बाबांचा चेहरा उजळला. "येतंय! येतंय गं!"

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. बोलायला तोंड उघडायची आणि मिटायची. असा तिचा बराच वेळ गेला, आणि तेवढ्यात खिशातली पट्टी उबेला आली.

"बाबा, त्या दिवशी ऐकलंत ते माझ्या चिपने नव्हतं. आम्ही लोकांना फसवलं. तुम्हालाही. रागावलात माझ्यावर?"

"हो हो," बाबा हसून म्हणाले.

तिचं तोंड असं झालं की शत्रूचंही होऊ नये. एवढा धीर गोळा करून बोलली आणि समोर पुन्हा तेच हो हो. ती ओंजळीत तोंड घालून रडायला लागली, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"थंड पाहिजे ना तुझ्या महाराणीला? घे थंड!"

मी फ्रिजचं दार उघडलं. दुधाचं पातेलं बाहेर, अंडी बाहेर, अर्धा कापलेला टोमॅटो बाहेर. स्टूल फरफटत आणलं, बाबांना त्यावर बसवलं आणि त्यांच्या खिशातली पट्टी काढून फ्रिजच्या कप्प्यात ठेवली.

"ताई, ओल धरेल ती."

"धरू दे. वर्षानुवर्षं त्या घाणेरड्या स्वेटरांत राहिली, तिला काही होत नाही."

आम्ही थांबलो. बाबांचे गुडघे फ्रिजमध्ये. त्यांना वाटलं असेल, पोरींचं डोकं फिरलं. मग त्यांनी मान वर केली.

"हा फ्रिज इतका ओरडतो?"

आम्ही दोघी एकदम हसलो, आणि ते हसणं त्यांना ऐकू आलं. "त्या दिवसासारखं स्वच्छ नाही," ते म्हणाले, "खरखर आहे. पण कळतंय. मघाशी काय म्हणत होतीस?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या पाठीत गुद्दा घातला.

तिने पुन्हा सगळं सांगितलं. वायर, मोठी मशीन, थंड खोली, सगळं. बाबा फ्रिजमधल्या त्या पट्टीकडे बघत ऐकत होते, मध्ये एकदाही मान हलवली नाही.

"रागावलात?"

"नाही," बाबा म्हणाले. "पण तो फोटो काढून टाक. मी रडतोय आणि तो माणूस हसतोय त्यात."

मी तो कागद कपाटावरून काढला आणि त्यात टोमॅटोची सालं गुंडाळून कचऱ्यात टाकला. इतकं समाधान मला कुठलाच कागद फेकताना झालं नव्हतं.

सोमवारी ती दुपारीच घरी आली. डबा भरलेला तसाच. खुर्चीवरचा स्वेटरही उचलून आणला होता, म्हणजे काय ते मी समजले. माझ्याशी एक शब्द नाही. तिने स्टूल ओढलं, फ्रिज उघडला, स्वतःच दूध बाहेर काढलं, पट्टी कप्प्यात ठेवली आणि बाबांचा हात धरून त्यांना आणून बसवलं.

"बाबा, त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, चिप तयार आहे का. साहेब मानेने हो म्हण, हो म्हण करत होते. मी 'नाही' म्हणाले."

बाबा तिच्याकडे बघत राहिले.

"अंगाच्या उबेत चालत नाही, असं सांगितलं. मागच्या वेळी दाखवलं ते खोटं होतं, तेही सांगितलं. साहेबांनी मला त्या खोलीतून काढलं. मागे एसी नसलेली एक अडगळ आहे, तिथे बस म्हणाले, आणि पुढे काय ते कळवू." तिने डोळे पुसले. "चिप घेऊन बसेन तिथे. तिथे तरी उकडतं."

बाबा तसेच.

"ऐकू नाही आलं का, बाबा?"

"आलं," बाबा म्हणाले. "परत सांग."