चाखून घेतलेलं औषध

शेजारी म्हणत, तिसऱ्या मजल्यावरच्या पारख्याच्या हाती पाण्याचा पेला द्या, एका घोटात तो सांगेल की पाणी गच्चीवरच्या कोणत्या टाकीतलं आहे. कोणी म्हणे, त्याच्या बायकोने लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मीठ मोजणं सोडून दिलं, कारण चालताबोलता तराजू घरातच होता. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर तर शपथेवर सांगत की हा गृहस्थ तापाची गोळीसुद्धा आधी जिभेवर घोळवतो, मान डोलावतो आणि मगच गिळतो. यावर जिन्यात उभे असलेले सगळे हसत. हसण्यावारी नेलेल्या या गोष्टीला किती महत्त्व होतं, ते कळायला बराच काळ जावा लागला.

चहाच्या एका कंपनीत तो सव्वीस वर्षं चहापारखी होता. सकाळी आठला चाखणीच्या खोलीत शिरावं तर लांबलचक टेबलावर पांढऱ्या कपांची रांग लागलेली असे आणि प्रत्येक कपामागे त्या त्या मळ्याची कोरडी पत्ती लहानशा डबीत ठेवलेली असे. चहा बरोबर सहा मिनिटं मुरवायचा, दूधसाखरेचं नाव काढायचं नाही, चमचाभर घेऊन तो सुर्रकन असा ओढायचा की वास थेट नाकाच्या मुळाशी पोचावा. मग पायाने सरकवत आणलेल्या उंच पिकदाणीत थुंकायचं, शेरा सांगायचा आणि पुढच्या कपाकडे वळायचं. असे दिवसाला दोनशे कप होत.

इतर पारखी थुंकत. हा गिळत असे. चहाची सुरुवात जिभेला कळते पण शेवट घशालाच कळतो, असं त्याचं ठाम मत होतं. दुसरं मत असं की जीभ फक्त उपाशीपोटी खरं बोलते, म्हणून पहिला घास दुपारी दोनच्या आत तोंडात जात नसे. तिसरी गोष्ट मत नव्हती, ती लपवाछपवी होती. वर्षानुवर्षं टेबलावर वाकून त्याची मान धरली होती, आणि त्याच टेबलाच्या खणात मागे ठेवलेल्या डबीतली वेदनेची गोळी तो रोज सकाळी पहिल्या कपाबरोबर घेत असे. मान दुखते हे साहेबांच्या कानावर गेलं तर आपली जागा जाईल, या धास्तीने त्याने बायकोलाही थांगपत्ता लागू दिला नव्हता.

छातीखाली जळजळू लागलं ते त्याने धंद्याचं दुखणं म्हणून सोडून दिलं. एके दिवशी मात्र एकशे दहाव्या कपाशी त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो टेबलाला धरून खाली बसला. दोन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, हे तेव्हा कुठे त्याने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं. जठरात वाटाण्याएवढा व्रण होता आणि त्यातून रक्त गेलं होतं. तपासणीत जंतूही निघाले. रिकाम्या पोटी कोणती गोळी घेत होतात का, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्याने बायकोकडे न पाहता खणातल्या डबीची कबुली दिली. घरी आल्यावर बायकोने ती डबी कामावरून आणवून घेतली आणि कचऱ्यात टाकण्याऐवजी स्वयंपाकघराच्या फळीवर समोरच ठेवली, येताजाता दिसावी म्हणून.

उपचार साधा होता. दोन आठवडे जंतूंवरची औषधं, आठ आठवडे आम्ल कमी करणारी कॅप्सूल, ती न्याहारीच्या अर्धा तास आधी. अंगातलं रक्त उतरलं होतं म्हणून लोहाची गोळी. वेदनेची गोळी कायमची बंद. कामावरून रजा मिळाली, पण मोठ्या साहेबांनी निरोप धाडला की नव्या पिकाचा लिलाव साडेचार महिन्यांवर आहे. तोवर तो टेबलाशी उभा राहिला तर ठीक, नाहीतर गोदामात हिशेबनिसाची खुर्ची रिकामी आहे. गोदामाची खुर्ची म्हणजे त्याच्या दृष्टीने जिवंतपणी जीभ कापणं होतं.

घरी उपदेशाला तोटा नव्हता. मेहुणा पिशवीभर सामान घेऊन आला. कोबीच्या रसाच्या बाटल्या, ज्येष्ठमधाची भुकटी, जस्ताच्या गोळ्या, आणि कसलीशी पिवळी पूड, जिच्या डब्यावर पोटाचं चित्र होतं. पारख्याने एकेक जिन्नस शिस्तीत चाखला. कोबीचा रस गवताळ, मध्येच उग्र, शेवटी फिका, असा त्याने शेरा दिला आणि पिवळी पूड लिलावात आली असती तर मी बोलीच लावली नसती, असं सांगितलं. मेहुणा म्हणाला, अहो, हे औषध आहे, चहा नव्हे.

बायकोने ती पिशवी तशीच उचलून दवाखान्यात नेली. यातल्या कशानेही व्रण भरेल असा भरवसा देता येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं. ज्येष्ठमध तर बंदच, कारण त्याने रक्तदाब वाढतो आणि पारख्याचा आधीच वरच्या पट्टीत होता. दही खाऊ द्या, फळं खाऊ द्या, दारू नको, आणि जे खाल्ल्यावर दुखतं तेवढंच टाळा. महिनाभर घरात फक्त मऊ भात आणि उकडलेला बटाटा शिजत होता. तिखटाने व्रण होत नाही हे ऐकून बायकोचा विश्वासच बसेना. लोहाच्या गोळीनेही शौचाला काळं होतं, हेही तिला त्याच दिवशी कळलं. आठवडाभर ती त्याच धास्तीने खंगत होती.

आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण झाली. जंतू गेले होते, पण व्रण जेमतेम निम्मा भरला होता. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा चाळले. वेदनेची गोळी चोरून चालू नाही ना, असंही विचारलं. मग काहीतरी सुचून त्या म्हणाल्या, “कॅप्सूल घेता कशी, ते जरा करून दाखवा.”

पारख्याने कॅप्सूल घेतली, दोन बोटांत फिरवून तिची दोन टरफलं अलगद वेगळी केली, आतले साबुदाण्याहून बारीक दाणे जिभेवर ओतले, डोळे मिटून घोळवले आणि दाढेखाली नीट चावले. मग वर पाणी प्यायला.

“रोज असंच?”

“चाखल्याशिवाय मी काही पोटात घेत नाही. हे थोडं कडवट आहे, पण माल एकसारखा आहे.”

डॉक्टरीणबाईंनी समजावलं की त्या प्रत्येक दाण्यावर एक कवच असतं. जठरातल्या आम्लातून तो दाणा सुखरूप आतड्यात पोचावा यासाठी ते कवच असतं. ते चावून फोडलं की औषध वाटेतच मरतं.

“म्हणजे आठ आठवडे तुम्ही औषध घेतलंच नाही,” त्या म्हणाल्या. “नुसतं चाखलंत.”

बायको हसली, आणि हसताहसता तिने डोळ्यांना पदर लावला.

पुन्हा आठ आठवडे सुरू झाले. कॅप्सूल अखंड गिळणं त्याला कोबीच्या रसापेक्षा जड गेलं. ओळखपाळख नसलेल्या माणसाला घरात घेतल्यासारखं वाटतं, अशी तो रोज कुरकुर करी. पण त्याची खरी भीती वेगळी होती. डॉक्टरीणबाईंनी दोन अटी घातल्या होत्या. चाखायचं ते खाऊन झाल्यावर, आणि चाखलेलं थुंकायचं. भरल्या पोटाने जीभ मेली आणि घशाचा कौल गेला, तर लिलावाच्या दिवशी तो टेबलाशी उभा राहून सांगणार काय?

ही शंका त्याने धंद्याच्या रीतीनेच तपासली. बायकोने रोज सकाळी सहा कप मांडायचे, दोन एकाच चहाचे, आणि बशीखाली चहाच्या नावाची चिठ्ठी ठेवायची; त्याने ती जोडी ओळखायची. कॅप्सूल गिळल्यावर न्याहारीला अर्धा तास असे, तेव्हा एकदा चाखणी. टोस्ट, अंडं आणि केळं खाऊन झाल्यावर कपांची जागा बदलून दुसरी. दोन्ही वेळा मोरीत थुंकायचं. दहा दिवसांनी बायकोने चिठ्ठ्या जुळवल्या. उपाशीपोटी चार चुका, खाऊन तीन. त्याने चिठ्ठ्या हातात घेऊन स्वतः पुन्हा मोजल्या.

“मग सव्वीस वर्षं उपाशी राहिलात ते कोणासाठी?” बायकोने विचारलं.

त्याने उरलेला टोस्ट संपवला.

शेवटच्या दुर्बिणीत व्रणाच्या जागी फिकट वण उरला होता. लिलावाला दोन आठवडे असताना तो कामावर गेला. मानेसाठी त्याने सुताराकडून टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवून घेतले, म्हणजे वाकायला नको. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेल्या मानेच्या हालचाली तो कप मुरायच्या सहा मिनिटांत करू लागला. पहिल्या दिवशी मोठे साहेब मागे हात बांधून उभे राहिले. याने ओढलं, घोळवलं, थुंकलं, शेरा सांगितला. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या पारख्याने तोच नमुना चाखला. चाळीस कपांत दोघांचा फरक फक्त एकदा पडला आणि तो कप पुन्हा मुरवला तेव्हा दुसऱ्यानेच आपला शेरा बदलला. गोदामासाठी दुसरा माणूस बघतो, एवढंच बोलून साहेब निघून गेले.

फळीवरची ती डबी बायकोने त्या संध्याकाळी कचऱ्यात टाकली.

पुढे महिन्याभराने पोस्टमास्तरांनी त्याला जिन्यात गाठलं. त्यांच्याही छातीखाली काही दिवस जळजळ होत होती. खरं सांगा, त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, गुण आला तो कशाने, कोबीच्या रसाने की त्या पिवळ्या पुडीने? पारख्याने हातातली पिशवी पायरीवर ठेवली.

“आधी डॉक्टरांकडे जा. वेळेवर जेवा, आणि कॅप्सूल दिली तर चावू नका. मी गोळ्या चाखतो हे अख्ख्या इमारतीला सांगत फिरलात, मास्तर. एकदा डॉक्टरीणबाईंना सांगितलं असतंत, तर माझे दोन महिने वाचले असते.”