कपातीच्या दिवसांतले मिस्त्री

बोलता बोलता मिस्त्री एकदम ओठांवर बोट ठेवायचे, मान वाकडी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "फुकट चाललंय, राव!" कॉम्प्रेसरनं वीज खाऊन भरलेली हवा कुठल्या तरी पाइपच्या सांध्यातून फुसफुसत असायची. आपल्याला ती ऐकूही यायची नाही.

चिंचवडच्या एका लहान कारखान्यात मी टाइमकीपर होतो आणि ते वायरमन. मूळचे चाकणचे, पन्नाशी ओलांडलेले. जुम्म्याच्या नमाजापुरते तासभर जायचे, एरवी कारखान्यातच. सत्तरच्या दशकात या पट्ट्यात ज्यांनी नोकरी केली, त्यांना ते दिवस आठवत असतील. विजेचा भार वाटला जावा म्हणून आमची रविवारची सुट्टी गुरुवारवर गेली होती. तेवढ्यानं भागेना, तेव्हा हुकूम आला. प्रत्येक कारखान्यानं वीज कमी वापरायची. मर्यादा ओलांडली, तर लाइन तोडणार.

मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून बदली कामगारांची यादी करायला सांगितली. बारा नावं निघाली. "एक तारखेपासून यांना येऊ नका म्हणून सांगा."

मिस्त्री तिथंच स्टुलावर उभे राहून पंखा दुरुस्त करत होते. ते खाली उतरले.

"साहेब, एक महिना द्या. कमी विजेत तेवढंच काम काढून दाखवतो. माणसं काढू नका."

"आणि लाइन तुटली तर?"

"तर तेरावं नाव माझं लिवा."

तो महिना मला अजून आठवतो. मगात साबणाचा फेस घेऊन मिस्त्री एकेका सांध्याला ब्रश लावायचे. बुडबुडा आला की तिथं गळती. पोरं हसायची. "मिस्त्री, पाइपची दाढी करताय व्हय?" ते हसायचे नाहीत. छपराचे काजळलेले पारदर्शक पत्रे त्यांनी धुऊन घेतले आणि दिवसाचे दिवे बंद केले. दोन्हीचा भार एकदम पडू नये म्हणून विजेची भट्टी चालू असताना कॉम्प्रेसर चालवायची कुणाची छाती नव्हती. तासातासाला मीटरपाशी जायचे. जेवणाचा डबा कितीदा तसाच घरी परत गेला. यादी माझ्या हातची, त्यामुळे मीही रोज त्यांना आकडा विचारायचो.

महिनाअखेर मीटर बघणारा आला. आकडा मर्यादेच्या बराच आत होता. मिस्त्री तिथंच जमिनीवर बसले.

पण दोन महिन्यांनी नवा हुकूम आला. पुन्हा कपात, आणि तीही मागच्या दोन महिन्यांच्या वापरावर मोजलेली. शेजारच्या कारखान्यात भरदिवसा दिवे जळत होते. त्यांना आमच्यापेक्षा जास्त वीज मिळाली.

"म्हंजे मी वाचवली, तीच आमची कापली?" मिस्त्रींनी मला तीनदा विचारलं. जणू मीच चुकीचं वाचलं होतं.

या वेळी कुणाचं काही चाललं नाही. बारा जण गेले. मिस्त्री त्यांना निरोप द्यायला फाटकापर्यंतही आले नाहीत.

त्यानंतर दर गुरुवारी ते मी लिहून दिलेला अर्ज घेऊन पुण्याच्या वीज कचेरीत जायचे आणि बाकावर बसून राहायचे. परत आले की एवढंच म्हणायचे, "साहेब मीटिंगमधी होते." शेवटी एक अधिकारी स्वतः कारखाना बघायला आला. चार महिन्यांनी आदेश निघाला. आमचा जुना वापर धरून मर्यादा पुन्हा ठरली.

मी पेढे आणायला निघालो, तर मिस्त्रींनी अडवलं. "पेढे ऱ्हाऊ द्या. त्यांचे पत्ते द्या."

रजा काढून ते एसटीनं सातारा, बीड, पार लातूरपर्यंत फिरले. एकेका-दोघांना घेऊन यायचे आणि पुन्हा जायचे. अकरा जण आले. बाराव्याच्या घराला कुलूप होतं. दोनदा जाऊन आले. "लेकराची चप्पल तेवढी दारात पडली हाय," एवढं सांगून ते पाठ फिरवून मीटरकडे गेले. निवृत्त होईपर्यंत रोज हजेरीला माझ्या खिडकीशी यायचे आणि विचारायचे, "आला का?"

ते निवृत्त झाले. पुढच्याच हिवाळ्यात चाकणला वारले. आम्ही सगळे मातीला गेलो होतो.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका सकाळी खिडकीशी एक वाळलेला माणूस उभा दिसला. पहिल्यांदा मी ओळखलंच नाही. त्यानं घडी घालून घालून विरलेली चिठ्ठी पुढं केली. शेजाऱ्यानं त्याच्यासाठी जपून ठेवली होती. मिस्त्रींच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, "काम हाय. कवा बी ये."

"मिस्त्री कुठं हायत?" त्यानं विचारलं.

मी दार उघडून त्याला आत बसवलं, पाणी दिलं आणि मग सांगितलं.