काकांच्या नावावरचं पिस्तूल

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सेलच्या जाहिराती पेपरातून दारात पडायला लागल्या की ती आपसूक आठवते. आणि हसू येतं.

मी मूळचा सांगलीचा. वडील मोटार कंपनीत इंजिनियर म्हणून मिशिगनला आले तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. पुढे मी पोलिसात भरती झालो. आपल्या मराठी मंडळात सगळ्यांची मुलं डॉक्टर नाहीतर इंजिनियर. मुलगा काय करतो असं कोणी विचारलं की आई मोघम सांगायची, सरकारी नोकरीत आहे. नोव्हाय शहराजवळच्या एका गावात मी सव्वीस वर्षं नोकरी केली आणि सार्जंट म्हणून निवृत्त झालो. ही हकिगत २००६ सालची.

त्या काळी आमच्या राज्यात पिस्तूल घ्यायचं तर आधी आपल्या गावच्या पोलीस ठाण्यात यावं लागे. अर्ज, ओळखपत्र, गुन्ह्यांची नोंद तपासणं आणि सुरक्षिततेची छोटी लेखी परीक्षा, एवढं झालं की परवाना मिळे. तो दहा दिवस चाले. तेवढ्यात खरेदी करायची आणि पिस्तूल तपासणीसाठी परत ठाण्यात आणायचं. मंगळवारी आणि गुरुवारी ही खिडकी माझ्याकडे असायची. त्या खिडकीतून मी शेकडो पिस्तुलं पाहिली आणि ती घेणारी माणसंही. ज्याला खरी गरज असते तो कमी बोलतो. जो फार माहिती सांगतो त्याला अजून पिस्तूल हातात कसं धरायचं तेही माहीत नसतं.

त्या मंगळवारी खिडकीवर काका आले. काका म्हणजे वडिलांचे मित्र, वय सत्तरीकडे झुकलेलं, मोटारींचे आराखडे काढून निवृत्त झालेले. नवीन आलेल्या प्रत्येक मराठी पोराचा पहिला मुक्काम त्यांच्या तळघरात. घाऊक दुकानाचं त्यांचं मेंबरशिप कार्ड तर निम्म्या गावाने वापरलं असेल. आम्ही नवीन होतो तेव्हा वडिलांच्या नावावर कोणी गाडी द्यायला तयार नव्हतं. काकांनी ती स्वतःच्या नावावर घेतली आणि किल्ली वडिलांच्या हातात ठेवली. त्याच गाडीतून मी शाळेत जायचो.

तर काकांनी अर्ज भरला. परीक्षेत एकही उत्तर चुकलं नाही. नियमाप्रमाणे त्यांच्याबद्दल आक्षेप घ्यावा असं काही नव्हतं. प्रत्येक अर्जदाराशी मी पाच मिनिटं बोलायचो, कशासाठी हवंय, घरात कोण कोण आहे, ठेवणार कुठे. ही सक्ती नव्हती, माझी सवय होती. पण समोर काका. त्यांना काय विचारायचं? ज्यांच्या पाया पडलो त्यांची चौकशी करायला जीभ रेटेना. मी काकूंची तब्येत विचारली, शिक्का मारला आणि परवाना हातात दिला.

पुढच्या सोमवारी फोन आला. शेजारच्या गावातला बंदुकांचा दुकानदार बोलत होता, जुना, अनुभवी माणूस. तो म्हणाला, शनिवारी दोन भारतीय आले होते, एक तरुण आणि एक म्हातारा. तरुणाच्या हातात छापील तक्ते होते, त्याने तासभर प्रश्न विचारून माझं डोकं खाल्लं. परवाना मात्र म्हाताऱ्याच्या खिशात होता, आणि तो काउंटरकडे पाठ करून भुसा भरलेलं हरिण बघत उभा होता. मला हे बरं वाटलं नाही, मी विकणार नाही म्हणालो. ते म्हणाले, ठीक आहे, दुसरीकडे बघतो.

परवान्यावरचं नाव त्याने वाचून दाखवलं. ते काकांचं होतं.

आपल्या लोकांना यातलं गांभीर्य चटकन कळत नाही म्हणून सांगतो. दुकानात खरेदीच्या वेळी केंद्र सरकारचा एक फॉर्म भरावा लागतो. हत्यार तुम्ही स्वतःसाठीच घेताय ना, असा त्यात प्रश्न असतो. दुसऱ्यासाठी घेत असताना तिथे ‘हो’ लिहून सही केली की तो मोठा गुन्हा, थेट तुरुंगाचा. शिवाय कामाच्या व्हिसावर आलेल्या माणसाला, काही अपवाद सोडले तर, पिस्तूल जवळ बाळगताच येत नाही. म्हणजे काका आत, आणि तो तरुण अशा व्हिसावर असला तर थेट परत भारतात. आणि परवान्यावर सही माझी.

मी लेफ्टनंटकडे गेलो. माणूस ओळखीचा आहे, मी नेहमीचे प्रश्न विचारले नाहीत, हेही सांगितलं. त्याने विचारलं, का नाही विचारलेस? ‘काका’ म्हणजे काय हे इंग्रजीत कसं सांगायचं तेच सुचेना. तो म्हणाला, तुझ्याशी ते बोलतील, तूच बोल, पण रेकॉर्डर चालू ठेव.

बुधवारी सकाळी काका ठाण्यात आले. बरोबर दिवाळीच्या उरलेल्या चिवड्याचा डबा. मी चौकशीच्या खोलीत रेकॉर्डर लावला. तुम्हाला अटक नाही, केव्हाही उठून जाऊ शकता, हे रीतसर इंग्रजीत सांगितलं.

“इंग्रजीत काय बोलतोस माझ्याशी?” काका म्हणाले. “कोणी मेलंय का?”

मग मराठीतच विचारलं. पिस्तूल कोणासाठी? माझ्यासाठी. आत्ताच का? वय झालं, भीती वाटते. तीस वर्षं घराला कुलूप न लावणारा हा माणूस. ठेवणार कुठे? बघू. काडतुसं किती घेणार? तेही बघू. प्रत्येक उत्तर नम्र आणि प्रत्येक उत्तर थाप. चोराची खोटी उत्तरं तयार असतात. सज्जन माणसाला ती जागच्या जागी बनवावी लागतात, म्हणून त्याला घाम फुटतो. काकांनी घाम पुसायला खिशातून रुमाल काढला आणि त्याबरोबर घडी केलेला कागद टेबलावर आला. मी विचारलं, बघू का? त्यांना नाही म्हणता येईना.

तोच तो तक्ता. काय सांगू, मी थक्क झालो. अकरा पिस्तुलं, प्रत्येकापुढे नऊ रकाने. खात्रीने चालतं का, किंमत, वजन, सुटे भाग मिळतात का, काडतुसं सहज मिळतात का. गाडी घेताना बघतात तशी रीसेल व्हॅल्यूसुद्धा होती. प्रत्येकाला गुण, गुणांची बेरीज. पहिला नंबर एका पोलीस खात्याने बदलून टाकलेल्या सेकंडहँड पिस्तुलाला. आणि खरं सांगतो, निवड अचूक होती. खात्यातलं पिस्तूल दहा वर्षं कमरेच्या म्यानात बसून असतं, सरावापुरतं बाहेर येतं. वरून खरवडलेलं, आतून जवळजवळ कोरं. नव्याच्या मानाने पुष्कळ स्वस्त आणि विश्वासाचं. मला कोणी विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. वर एवढंच म्हणालो असतो, की आधी शे-दोनशे गोळ्या झाडून बघा, आणि अडकलं तर आधी मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, तपासा. दहातल्या आठ वेळा खोड तिथे असते.

मग माझी नजर सातव्या रकान्यावर थांबली. ‘मूठ: लहान हातासाठी.’ या रकान्याला सगळ्यात जास्त गुण दिले होते. मी काकांचे टेबलावरचे हात पाहिले. काकांचे हात फावड्यासारखे.

“काका, हे एवढं लहान पिस्तूल कोणाच्या हातात बसणार आहे?”

काकांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग सगळं सांगितलं. मंडळातला नागपूरचा एक मुलगा, कामाच्या व्हिसावर आलेला. दिवाळीच्या आठवड्यात भर दुपारी त्याच्या अपार्टमेंटचं दार लाथ मारून उघडलं. बायको घरी एकटी. ती बाथरूममध्ये कोंडून घेऊन बसली आणि चोर सोन्याचा डबा घेऊन गेला. ती तक्रार आमच्याच ठाण्यात होती, दुसऱ्या अधिकाऱ्याकडे. तेव्हापासून ती घरात एकटी थांबायची नाही. नवरा सकाळी तिला लायब्ररीत सोडायचा आणि संध्याकाळी घ्यायला यायचा.

“पोरगा रडला रे माझ्यासमोर,” काका म्हणाले. “म्हटलं, माझ्या नावावर घे. त्यात काय? तुझ्या बापाची गाडी नव्हती का माझ्या नावावर?”

मी जेवढं विचारायला हवं तेवढंच विचारलं. “कुठे सही केलीत का?”

“हो,” काका म्हणाले. “दुसऱ्या दुकानात. काहीतरी कागद होता.”

मी रेकॉर्डर बंद केला, लेफ्टनंटला सांगितलं आणि काकांना गाडीत घालून त्या दुकानाकडे निघालो. पंचवीस मिनिटांचा रस्ता. काका शेजारी चिवड्याचा डबा मांडीवर धरून बसले होते. त्यांना अजून कळलं नव्हतं आपण काय केलंय, आणि मला ते सांगवेना. मनात एकच येत होतं, पाच मिनिटं. मंगळवारी पाच मिनिटं विचारलं असतं तर.

दुकानात मी बिल्ला दाखवला आणि काकांच्या नावाचे सगळे कागद मागितले. काउंटरवरच्या मुलीने खण उघडून एक पिवळी चिठ्ठी काढली. तिच्यावर काकांचं नाव, फोन, खाली सही. आणि एवढाच मजकूर, की हे पिस्तूल शुक्रवारच्या सेलसाठी बाजूला ठेवावं.

मी दोनदा विचारलं, केंद्राचा फॉर्म? ती म्हणाली, तो खरेदीच्या दिवशी भरतात, शुक्रवारी.

थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार! त्या दिवशी सगळं स्वस्त, म्हणून हे दोघे थांबले होते. परवान्याचा दहावा दिवस बरोबर त्या शुक्रवारी यावा असा हिशेब करून काका मंगळवारी माझ्या खिडकीवर आले होते. आपल्या माणसाने पूर्ण किमतीत काही घ्यायचं नाही, ही आपली खोड. त्या खोडीने दोन घरं वाचली. मी चिठ्ठी रद्द करून घेतली, बाहेर येऊन गाडीत बसलो आणि मला हसू आवरेना. काका घाबरून माझ्याकडे बघत होते. मग मी त्यांना फॉर्मचं आणि तुरुंगाचं सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे धरला. तिथेच पार्किंगमध्ये आम्ही दोघांनी अर्धा डबा चिवडा संपवला.

संध्याकाळी काकांबरोबर त्या मुलाच्या घरी गेलो. माझा गणवेश बघून तो उभाच राहिला. सर, मी सगळं रिसर्च केलं होतं, असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी म्हटलं, पिस्तुलाचं केलंस, कायद्याचं नाही. त्याला सगळं समजावलं. त्याची बायको दाराशी उभी होती, जेमतेम पंचविशीची. तिला पहिल्यांदाच कळत होतं, की हे सगळं तिच्यासाठी चाललं होतं.

“मला विचारलंत तुम्ही?” ती नवऱ्याला म्हणाली. “मी ते हातात पण धरणार नाही. मला पिस्तूल नको, मला बंद होणारं दार पाहिजे.”

मी उठून दार बघितलं. दाराच्या चौकटीला कुलपाची पट्टी बोटाच्या पेराएवढ्या स्क्रूंनी लावलेली. आधीच्या लाथेने फाटलेलं लाकूड मालकाने नुसता रंग मारून झाकलं होतं. अशी दारं एका लाथेत उघडतात, मी शेकडो पाहिलीत. नऊ रकान्यांचा तक्ता करणाऱ्या इंजिनियरने दाराकडे पाहिलंच नव्हतं. खरं म्हणजे आम्हा पोलिसांनीही पंचनामा करून पाठ फिरवली होती. मी काकांकडे बघितलं. दाराची चौकट कशी मजबूत करायची हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. शनिवारी मालकाची परवानगी घेऊन काकांनी चौकटीत नवीन लाकूड बसवलं, वीतभर लोखंडी पट्टी ठोकली आणि भिंतीच्या आतल्या लाकडी खांबापर्यंत जाणारे लांब स्क्रू घातले. मग त्या मुलीने नवऱ्याला बाहेर उभं केलं आणि म्हणाली, मारा लाथ. त्याने तीनदा मारली. दार हललं नाही. ती पहिल्यांदा हसली. सोमवारपासून ती घरी राहायला लागली.

मी अहवाल पूर्ण लिहिला. परवाना परत घेतला, आणि माझी चूकही वगळली नाही. केंद्राच्या अधिकाऱ्याने वाचून सांगितलं, फॉर्मवर सही झालेली नाही, म्हणजे गुन्हा घडलेला नाही, समज देऊन प्रकरण बंद करा. पहिल्या दुकानदाराला मी स्वतः जाऊन धन्यवाद दिले. सोनं चोरणारा पुढे दुसऱ्या गावात सापडला. डबा काही मिळाला नाही.

नोकरीत मी अट्टल माणसांकडून पुष्कळ शिकलो, पण हे मला भल्या माणसांनी शिकवलं. चांगल्या माणसाला आपण काही विचारत नाही, आणि तिथेच सगळं हुकतं. मी काकांना विचारलं नाही, नवऱ्याने बायकोला विचारलं नाही. दोघांनाही वाटत होतं, आपण मान राखतोय, काळजी घेतोय. आजही कोणी मला फोन करून विचारतं, विश्वासाचं आणि परवडणारं पिस्तूल कोणतं? मी सांगतो, पण आधी विचारतो, वापरणार कोण, आणि त्या माणसाशी बोललात का? बरेच जण मग परत फोन करत नाहीत.

पुढच्या वर्षी काका पुन्हा माझ्या खिडकीवर आले. या वेळी बोटांचे ठसे द्यायला, मंदिराच्या बालवाडीत शिकवायचं होतं म्हणून. लहान मुलांना शिकवायचं तर इथे आधी पोलिसांची तपासणी लागते. अर्ज पुढे सरकवला आणि त्यावर आपला तो फावड्यासारखा हात ठेवून उभे राहिले.

“शिक्का मारायची घाई नको,” ते म्हणाले. “आधी विचार.”

मी पेन खाली ठेवलं आणि सगळं विचारलं. पुरी पाच मिनिटं.