ऑपरेशननंतर, सासूबाईंच्या चालीनं

माझी गर्भाची पिशवी काढली तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. आत गाठी झाल्या होत्या आणि दर महिन्याला इतकं अंगावर जायचं, की शेवटी आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनशिवाय इलाज नाही असं सांगितलं. मला ऑपरेशनची भीती नव्हती. भीती होती ती बसून राहायची.

इचोड्याच्या बाहेर आमचा भाजीचा मळा आहे. टमाट्याचं भरलेलं कॅरेट मी एकटी उचलून टेम्पोत ठेवायची. त्याशिवाय रोज सकाळी शाळेच्या मैदानावर आम्ही सात-आठ बायका जमायचो. मैदानाला पाच फेऱ्या आणि बारा सूर्यनमस्कार, हा माझा नेम होता. त्याचा मला थोडा गर्वही होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

घरी सोडायच्या दिवशी दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी मुलगी खाटेपाशी आली. ती तेलुगू बोलायची, अधूनमधून हिंदी. पायाचे पंजे हलवा, पोटातून सावकाश श्वास घ्या, घरातल्या घरात थोडं चाला, जड काही उचलू नका, आणि दीड महिन्यानं दाखवल्याशिवाय वाकायचे, ताणायचे व्यायाम करू नका, असं तिनं सांगितलं. प्रत्येक वाक्यानंतर म्हणायची, "मेल्लगा, अम्मा, मेल्लगा." म्हणजे हळूहळू. माझ्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी तो एक शब्द पक्का धरला.

घरी आल्यावर मी उठले की मेल्लगा, बसले की मेल्लगा. पाण्याच्या गुंडाकडे, म्हणजे हंड्याकडे, नुसतं पाहिलं तरी मेल्लगा. आमच्या मालकांनीही बाजारातून लहान मुलांच्या खेळण्यातल्या वाटाव्यात अशा चार बादल्या आणल्या आणि मोठ्या बादल्या मळ्यात नेऊन ठेवल्या. पाहुणे हसायचे. सासूबाई मात्र हसत नव्हत्या. मी अंगणात फेऱ्या मारायची तेव्हा त्या ओट्यावर तूर निवडत बसायच्या, आणि नजर माझ्या पायांवर. मनातून मी वैतागले होते. सून कामातून सुटली हे त्यांना खपत नसेल आणि वरून काळजी दाखवत असतील, असंही एकदा माझ्या मनात येऊन गेलं.

चौथ्या आठवड्यात मला अगदी हलकं वाटायला लागलं. दुखणं थांबलं होतं, बाहेरचे टाके सुकले होते. एका सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या, तशी मी खोलीचं दार लोटलं आणि सूर्यनमस्कार घातले. बारा नाही, सहाच. पाचव्याला पोटात ओढ बसली, तरी सहावा पुरा केला. दुपारी लघवीला गेले तर कपड्यावर लाल डाग.

मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच मालकांना मळ्यातून बोलावून घेतलं आणि आम्ही तिघं आदिलाबादला गेलो.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. सुदैवानं आतले टाके शाबूत होते. बाहेरून बरं दिसलं म्हणजे आतून भरलं असं नसतं, त्याला वेळ लागतो, हे त्यांनी शांतपणे समजावलं. डाग वाढला, ताप आला किंवा दुखलं तर लगेच यायचं. मग ती व्यायामाची मुलगी आली आणि तिनं माझ्याकडून एक नवा व्यायाम नीट करून घेतला. लघवी अडवताना जसं आत ओढतो तसं ओढायचं, पाच मोजायचे, सोडायचं, आणि श्वास कोंडायचा नाही. यानं खालचे स्नायू घट्ट होतात, खोकलताना थेंब जात नाही, असं ती म्हणाली. सासूबाईंनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मला वाटलं, माझ्यासाठीच.

घरी आल्यावर त्या माझ्या खाटेवर येऊन बसल्या.

"तुले घाई काऊन झाली होती?" त्यांनी विचारलं.

मग त्या म्हणाल्या, "तिसऱ्या बाळंतपणात मले बाराव्या दिवशी इहिरीवर पाठवलं होतं. दोन-दोन गुंड आणले मी. तवापासून अंग बाहेर येते. खोकलली की लुगडं ओलं होते. लगनात जात नाई, मोटारीत बसत नाई. कोणाले सांगतलं नाई आजवर."

पंचवीस वर्षं मी या बाईच्या हातचं जेवत होते. लग्नाकार्याला त्या घरीच राहायच्या, तर मला वाटायचं त्यांना माणसांचा कंटाळा आहे. आणि माझ्यासाठी त्या दोनदा मोटारीत बसून आदिलाबादपर्यंत जाऊन आल्या होत्या. मी त्यांचा हात धरला.

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर आम्ही दोघी तो व्यायाम करायला लागलो. वरून पाहणाऱ्याला दोन बायका तूर निवडताना दिसायच्या. मी हळूच पाच मोजायची. कधी त्या मध्येच हसायच्या आणि आकडा चुकायचा.

दीड महिन्यानं दाखवायला गेले तेव्हा सासूबाईंनाही तपासून घेतलं. त्या लाजून अर्ध्या झाल्या, पण आत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना अंग आत धरून ठेवणारी एक रिंग बसवली आणि व्यायाम चालू ठेवायला सांगितलं. मला चालणं वाढवायची आणि हलके व्यायाम करायची परवानगी मिळाली. ताणाचे व्यायाम आणि वजन आणखी दीड महिना नाही.

मग आम्ही मैदानावर जायला लागलो. त्यांची चाल हळू, आणि मला तीच चाल हवी होती. पहिल्या आठवड्यात एक फेरी, मग दीड, मग दोन. आधी मी या मैदानावर मान खाली घालून भराभर चालायची. आता सासूबाई थांबल्या की मी थांबायची, आणि कोणाच्या शेतात कपाशीची पऱ्हाटी कशी आली ते त्या सांगायच्या. थकले असं वाटलं की आम्ही परत फिरायचो. तो आळस नाही, हे मला तेव्हा कळलं.

तीन महिने झाल्यावर, विचारून, मी पहिले दोन सूर्यनमस्कार घातले. आता आठापर्यंत आले आहे. कॅरेट अर्धंच भरते, उचलताना श्वास सोडते, आणि जड वाटलं तर हाक मारते. सासूबाईंचं सगळं बरं झालं असं नाही, पण खोकला आला की त्या घाबरत नाहीत. मागच्या महिन्यात बोथ गावाला बहिणीच्या नातवाच्या लग्नाला तीन दिवस राहून आल्या.

दोन फेऱ्या झाल्या की त्या मैदानाच्या कडेला बाकावर बसतात. हल्ली आमच्यातली एखादी बाई हळूच त्यांच्याजवळ जाऊन बसते, आणि त्या आवाज खाली आणून काहीतरी समजावत राहतात. मी तोवर आणखी एक फेरी मारून येते.