पीएची सही

"ही माझी पीए. पर्सनल असिस्टंट," आमचे सर्जन सर पेशंटच्या मुलीला म्हणाले. "हिला मेडिकलचं काही विचारू नका." आणि गाडीची चावी माझ्या हातात दिली. "मागच्या सीटवर चष्मा राहिलाय. आण."

खाटेभोवती पाच जण उभे. ज्युनियर डॉक्टर मान खाली घालून हसला. मी पार्किंगमध्ये गेले, चष्मा आणला. सरांनी पाठवलं ते एकवेळ ठीक, पण मी मुकाट गेले, याची अजून लाज वाटते.

पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. डिग्री आहे ही. इंटर्नशिप धरून चार वर्षं घासलीत. पेशंटची हिस्टरी घ्यायची, तपासायचं, रिपोर्ट वाचून डॉक्टरला सांगायचं, ऑपरेशनला हात द्यायचा, टाके घालायचे, नातेवाइकांना कळेल असं बोलायचं. परळच्या आमच्या हॉस्पिटलात हे सगळं मी करत होते. सरांना राउंडला सगळं तयार मिळायचं, ते काय आभाळातून पडायचं? पण सांगणार कोणाला! आमच्या लालबागच्या चाळीतसुद्धा पीए म्हणजे मंत्र्याचा असतो तोच. शेजारची काकी म्हणाली, "गो बाय, तुझ्या सायबाक सांगून एक खाट गावतली काय?" आई कौतुकाने बघत होती. काय बोलणार, कप्पाळ!

तर ते पेशंट. गिरगावचे आजोबा, डावा गुडघा बदलून तिसरा दिवस. राउंडच्या आधी मी तपासायला गेले. पोटरीवर हात ठेवला आणि आजोबा कळवळले. पोटरी गरम लागली. टेप लावून दोन्ही पाय मोजले. डावी पोटरी तीन सेंटिमीटर जास्त. शिरेत रक्ताची गुठळी असेल आणि ती सुटून फुफ्फुसात गेली, तर माणूस हातचा जातो. मी फाईलमध्ये लिहिलं. डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करून बघावा, असं सुचवलं. वेळ टाकली, सही केली.

राउंडला सरांना तोंडीही सांगितलं. त्यांनी चादरसुद्धा वर केली नाही. "ऑपरेशननंतर सूज येणारच," म्हणाले. मुलीने माझ्याकडे वळून विचारलं, "म्हणजे काळजीचं आहे का हो?" तेव्हा ते पीए-पुराण झालं.

चष्मा देऊन मी सरळ मेडिसिन विभागाच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी येऊन पाय बघितला. तासाभरात डॉप्लर झाला. गुठळी निघाली. औषध सुरू झालं.

संध्याकाळी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. शाबासकी देतील असं वाटलं. मी पण येडीच! टेबलावर कोरं पान होतं.

"सकाळची तुझी नोट फाईलमधून काढून टाक. ज्युनियरच्या नावाने नवी लिही, राउंडनंतरची वेळ टाक. उद्या कोणी विचारलं तर पीएची सही बरी दिसत नाही."

डोकंच सटकलं. म्हणजे काम माझं, नजर माझी, आणि फाईलमध्ये मी नाहीच! शिवाय सरांनी सकाळी ऐकूनही बघितलं नाही, तेही साफ पुसलं जाणार.

"नोट निघणार नाही, सर."

"नोकरी करायची आहे ना तुला?"

"करायची आहे. पण खोटं लिहून नाही."

दुसऱ्या दिवशी मला वॉर्डातून काढलं. आता बेसमेंटमध्ये डिस्चार्जचे कागद टाइप करते. ज्युनियर जेवायला हाक मारत नाही. आई म्हणते, "बाय, मोठ्या माणसांशी वाकडा कित्याक घेतंस?" तिची भीती मला कळते, आणि तरी राग येतो. हॉस्पिटलच्या वरिष्ठांकडे लेखी तक्रार दिली आहे, पोच घेतली आहे. उत्तर नाही.

नसू दे. इथे नाही तर दुसरीकडे, मी खाटेजवळ परत जाणार. आणि पेशंटला पहिल्यांदा मीच सांगणार: मी डॉक्टर नाही. मी तुम्हाला तपासणार आहे, आणि जे दिसेल ते माझ्या नावाने लिहिणार आहे.